डाव्या कोपऱ्याचा तक्ता

गुरुवार, ३ जुलै २०२५

मुख्याध्यापिका शर्मिष्ठाबाईंनी आज माझ्या प्रस्तावावर सही केली. यंदा आमच्या हायस्कूलच्या मुलींच्या कबड्डी संघाची निवड चाचणी सातवीच्या मुलींनाही खुली राहील. क्रीडाशिक्षक निवृत्त झाल्यापासून त्यांची जबाबदारी माझ्याकडे, म्हणजे विज्ञानाच्या शिक्षकाकडे आली आहे. मी स्वतः कबड्डी कधी खेळलेलो नाही. त्यामुळे माझ्याजवळ पूर्वग्रह नाहीत, ही मी जमेची बाजू मानतो.

प्रस्तावामागील विचार येथे नोंदवून ठेवतो. तालुका स्पर्धेच्या सतरा वर्षांखालील गटाला वयाची वरची मर्यादा आहे, खालची नाही. लहान शरीराचा गुरुत्वमध्य जमिनीच्या जवळ असतो. अशा शरीराला दिशा बदलण्यास कमी बल लागते. सातवीतील रसिका हे याचे जिवंत उदाहरण होय. तिच्या घरची काजूची बाग आहे. खाली आलेल्या फांद्यांमधून वाकून धावण्याची तिला लहानपणापासून सवय आहे. भातगिरणीच्या काट्यावर मी तिचे वजन करून घेतले : बत्तीस किलो.

गेल्या वर्षीच्या सहाजणी कायम आहेत. जागा एकच रिकामी आहे. दहावीतील नम्रता या जागेसाठी दोन वर्षे राखीव म्हणून बसली आहे. नोंद बाराजणींची, म्हणजे बदलता येणाऱ्या पाच राखीव खेळाडूंसह, करता येते, हे खरे; परंतु मी सातच नावे निश्चित करणार आहे. अनिश्चिततेतून शिस्त निर्माण होत नाही.

शाळेचे शिपाई धोंडू तरुणपणी या भागातील नामांकित चढाईपटू होते. त्यांचा उजवा खांदा आजही डाव्यापेक्षा दोन बोटे खाली आहे. प्रस्ताव वाचून ते म्हणाले, "सर, वासरू बैलांच्या झोंबीत घालतास. बघा हां."

मी त्यांना गुरुत्वमध्य समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

सोमवार, ७ जुलै

चाचणीचा पहिला दिवस. पावसाने चुन्याच्या रेषा धुऊन नेल्या होत्या. धोंडूंनी चुलीची राख आणून शाळेमागच्या जांभ्याच्या मैदानावर त्या नव्याने आखल्या.

प्रारंभी धोंडूंनी गाऱ्हाणे घातले. मुली वर्तुळात हात जोडून उभ्या राहिल्या. "बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरां आज मातयेत उतरतत. तेंच्या हाताक बळ दी, दम दी, रे म्हाराजा!" सर्वांनी उत्तर दिले, "व्हय म्हाराजा!" त्यानंतर कर्णधार सलोनीने, जी दहावीत आहे आणि डावा कोपरा सांभाळते, स्वतःचे एक वाक्य जोडले : "आणि जो कोण आमच्या संघाच्या मधी घुसात, तेचो पाय मोडून तेका तीन म्हयने घरात बसव रे म्हाराजा!"

प्रतिस्पर्ध्यांविषयी किती रोखठोक प्रार्थना! बोलीतील हा जोम पाठ्यपुस्तकांत आढळत नाही. "व्हय म्हाराजा!" असे मीही उत्साहाने म्हणालो. माझा आवाज सर्वांत मोठा होता, असे धोंडूंनी नंतर सांगितले. रसिकानेही तितक्याच मोठ्याने उत्तर दिले. ते देताना ती सलोनीकडे टक लावून पाहत होती.

मग सलोनी मला म्हणाली, "सर, ह्या सातवीतला चेडू. ह्येका धरूचा काय पाळण्यात घालूचा?"

मुली हसल्या. रसिका म्हणाली, "धरून तरी बघ गो."

पहिल्या चढाईत रसिका सलोनीच्या हाताखालून वाकून निघाली आणि तिघींना स्पर्श करून मध्यरेषेवर परतली. हसणे थांबले. दुसऱ्या चढाईत सलोनीने तिचा घोटा पकडला. रसिका तोंडावर पडली. त्यानंतर नम्रता आणि आणखी एक मुलगी तिच्या पाठीवर कोसळल्या. सलोनीसह तिघींचे एकत्रित वजन सुमारे एकशे अठ्ठेचाळीस किलो, म्हणजे रसिकाच्या वजनाच्या साडेचार पटींहून अधिक. पंच म्हणून धोंडूंनी शिट्टी वाजवली, पुन्हा वाजवली, शेवटी त्यांना नम्रताची वेणी धरून तिला उठवावे लागले. रसिकाचा खालचा ओठ दुभंगला होता. ती जांभ्यावर रक्त थुंकली आणि म्हणाली, "अजून एक."

जिद्द! मी वहीत लिहिले : अपघात, क्रमांक एक.

गुरुवार, १० जुलै

निरीक्षण पद्धतशीर असावे म्हणून मी एक तक्ता आखला आहे. त्याचे पाच स्तंभ असे : दिनांक, चढाईची वेळ, दुखापतीचे स्थान, मैदानाची बाजू, जमिनीचा ओलसरपणा. चार दिवसांत रसिकाच्या नावावर सहा नोंदी झाल्या : ओठ; दोन्ही गुडघ्यांची सोललेली कातडी; डाव्या करंगळीचा निसटलेला सांधा (धोंडूंनी तो जागेवर बसवला तेव्हा आवाज मलाही ऐकू आला); बरगडीवर लाल-निळा डाग; कानामागे नखांचे चार ओरखडे; आणि मनगटावर एक अर्धवर्तुळाकार खूण. ही खूण दातांची असावी, असे वाटले; परंतु दात मनगटापर्यंत पोहोचण्याचे कोणतेही यांत्रिक कारण मला सापडले नाही.

तक्त्यातून एक गोष्ट लखलखीतपणे समोर आली. सहाच्या सहा दुखापती डाव्या कोपऱ्यात झाल्या आहेत! निष्कर्ष उघड आहे : रसिका डावीकडे अतिरेकाने झुकते. मी तिला आकृती काढून दाखवली आणि यापुढे उजवीकडून चढाई करण्यास सांगितले.

ती म्हणाली, "सर, तेना काय होतला?"

मी म्हणालो, "संभाव्यता बदलते."

मंगळवार, १५ जुलै

रसिकाने सांगितल्याप्रमाणे उजवीकडून चढाया केल्या. योगायोग असा की, आजच सलोनीने उजव्या कोपऱ्यात उभे राहण्याची परवानगी मागितली. कारण विचारले असता ती म्हणाली, "थंय वारो बरो येता, सर." मी परवानगी दिली. खेळाडूच्या सोयीचा विचार केला पाहिजे.

पाच चढायांत रसिका तीनदा सुटली आणि दोनदा सापडली. दुसऱ्या वेळी तिला उचलून, आडवी करून, अंतिम रेषेच्या पलीकडे दगडांच्या बांधावर आपटण्यात आले. तिचे डोके बांधापासून वीतभर अंतरावर पडले. मी अंतर मोजले.

ती उठली. सहाव्या चढाईत तिने एक अत्यंत शास्त्रशुद्ध मागची लाथ मारली. पाठ फिरवून, कमरेतून वाकून, टाच सरळ रेषेत. लाथेचा स्पर्श झाल्यास गुण मिळतो. स्पर्श नम्रताच्या नाकाला झाला. नम्रता दोन्ही हातांनी चेहरा झाकून खाली बसली. बोटांमधून रक्त कोपरापर्यंत ओघळले आणि राखेच्या रेषेवर ठिबकले. मध्यरेषेवर उभी राहून रसिका म्हणाली, "अजून कोणाक होया?"

मी गुण दिला. नियमाने तो देणे भागच होते.

घरी आल्यावर तक्ता भरला. उजवीकडे जाऊनही दुखापती थांबल्या नाहीत. म्हणजे दोष बाजूचा नाही. मग ओलसरपणाचा असावा का? उद्या माती तपासतो.

बुधवार, १६ जुलै

मातीत विशेष काही आढळले नाही. नम्रताचे हाड मोडलेले नाही, हे समजल्यावर बरे वाटले. नाकावर चिकटपट्टी लावून ती आजही आली. तिने रसिकाकडे एकदाही पाहिले नाही. सलोनीने मात्र संपूर्ण वेळ रसिकाकडेच पाहिले.

शुक्रवार, १८ जुलै

आज लिहिणे अवघड जाते. तरी क्रम पाळतो.

चौथी चढाई. रसिका बोनस रेषेपर्यंत आत गेली. सलोनीने घोटा पकडलाच नाही. ती धावत समोरून आली आणि कोपर पुढे काढून तिने धडक दिली. झाड तोडताना शेवटच्या घावाला येतो तसा कोरडा आवाज झाला. रसिका पाठीवर पडली. तिचे डोळे उघडे होते. परंतु काही क्षण त्यांत काहीच नव्हते. धोंडूंनी तिला कुशीवर वळवले. तोंडातून रक्ताची गुठळी बाहेर आली आणि तिच्याबरोबर समोरच्या दाताचा अर्धा तुकडा.

नम्रता रडू लागली. सलोनी जागेवरून हलली नाही. तिने स्वतःच्या कोपराकडे पाहिले. तेथेही दाताने चीर पडली होती आणि रक्त वाहत होते.

रसिका शुद्धीवर येताच तिने जमीन चाचपली, तुकडा शोधला आणि मुठीत घट्ट धरला. "गुण कोणाक?" तिने विचारले.

धोंडू मला म्हणाले, "सर, तुमचो कागद बंद करा आणि जरा डोळे उघडा."

त्यांचा स्वर मला लागला. मी तर सर्वांत अधिक बारकाईने पाहत आहे. मुलीला कट्टा गावातील दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी जबडा आणि डोळे तपासले आणि तीन दिवस मैदान बंद ठेवण्यास सांगितले.

शनिवार, १९ जुलै

रसिकाची आई लक्ष्मी सकाळी शाळेत आली. लावणी अर्धवट टाकून आली होती. पायांना शेतातला चिखल तसाच होता.

"सर, ती म्हणता, बोंडां काढताना झाडावरना पडलंय. आषाढात काजीक बोंडां खंयची?"

काजूची फळे वैशाखात संपतात, हे तिचे निरीक्षण वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने अचूक आहे, असे मी म्हणालो. मग दाताचा प्रकार मी सविस्तर सांगितला आणि खेद व्यक्त केला.

"माका खेद नको, सर," ती म्हणाली. "घरात भावांक बडवता ती, तेची माका सवय आसा. पण कोण मारता ता तुमका ठावक आसा काय नाय, येवढाच सांगा."

"कोपऱ्यात जोखीम अधिक असते," मी म्हणालो.

लक्ष्मी शर्मिष्ठाबाईंना भेटून गेली.

सोमवार, २१ जुलै

शर्मिष्ठाबाईंनी रसिका आणि सलोनी दोघींना कार्यालयात बोलावले. मीही हजर होतो.

"दात कोणी पाडला?" बाईंनी विचारले.

सलोनीच्या कोपरावर पट्टी होती. ती खिडकीबाहेर पाहत होती. मला वाटते, आपले नाव ऐकण्याची तिची तयारी झाली होती.

रसिका म्हणाली, "कोणी नाय, बाई. कोपर माझ्या तोंडाक लागला नाय. माझा तोंड तेच्या कोपराक लागला."

"म्हणजे काय?"

"म्हणजे मी वेगान गेलंय."

सलोनीने मान वळवून तिच्याकडे पाहिले. बाहेर पडताना तिने रसिकाच्या डोक्यात एक टपली मारली. येथेही मारहाण! मी ती नोंदवून ठेवली.

शुक्रवार, २५ जुलै

गेल्या तीन दिवसांत रसिकाला एकही दुखापत झालेली नाही. शास्त्रीय दृष्टीने हे अधिक चिंताजनक आहे, कारण त्याचे कारण मला देता येत नाही.

आज मधल्या सुट्टीत मात्र मी एक दृश्य पाहिले. मैदानाच्या कडेला, रातांब्याच्या झाडाखाली, सलोनीने रसिकाच्या डब्यातील भाकरी ओढून घेतली, तिचे दोन तुकडे केले आणि मोठा तुकडा स्वतः खाल्ला. नम्रता शेजारी बसून हसत होती. रसिकाही हसत होती. छळ सोसणारी मुले अनेकदा असेच हसतात, असे मी एका प्रशिक्षणात ऐकले आहे.

माझ्या मनात वीज चमकली. मी तक्ता काढला आणि त्याला सहावा स्तंभ जोडला : 'पकड कोणी केली.' पंधरा दिवस हा स्तंभ नव्हता! स्मरणाने आणि धोंडूंच्या मदतीने तो वरपासून खालपर्यंत भरला. प्रत्येक ओळीत एकच नाव आले. डावा कोपरा, उजवा कोपरा, बांध, दात. सलोनी, सलोनी, सलोनी, सलोनी.

मी धोंडूंना म्हणालो, "हे आपण मला सांगायला हवे होते."

"पयल्या दिवशी सांगलंय, सर. तुमी गुरूचा कायतरी सांगित होतास."

"सोमवारीच मी यात पडतो."

"आता पडा नको," धोंडू म्हणाले. "जा काय मोडूचा होता ता मोडून झाला. आता तेंचा तेंका सोडा."

मोडलेल्या गोष्टीकडे पाठ फिरवणे माझ्या स्वभावात नाही.

सोमवार, २८ जुलै

मी संघासमोर निर्णय वाचून दाखवला. प्रयोग समाप्त. रसिका तिच्या स्वतःच्या सुरक्षिततेसाठी संघातून बाहेर. सातवी जागा नम्रताची. सलोनीला लेखी ताकीद.

आनंद होईल, असे मला वाटले होते. नम्रता पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिली. रसिकाचा चेहरा पांढरा पडला. दात तुटला तेव्हाही तो असा दिसला नव्हता.

"सर," सलोनी म्हणाली, "ती आमची आसा."

"तू तिचा दात पाडलास."

"व्हय. मगे?"

"ताकीद दिया तर दिया, सर," रसिका म्हणाली. अर्ध्या दातातून तिचे शब्द शिट्टीसारखे येत होते. "माका बाहेर कित्याक काढतास? मी एकदा तरी रडलंय? एकदा तरी बसलंय?"

हा प्रश्न भावनेचा नसून शरीराचा आहे, हे पटवून देण्यासाठी मला एक सुंदर प्रात्यक्षिक सुचले. बुधवारी मी स्वतः चढाई करीन. माझे वजन चौऱ्याहत्तर किलो आहे. समोर सातजणी उभ्या राहतील. परंतु पकड एकटी रसिका करील आणि बाकीच्या सहाजणी खांबासारख्या स्तब्ध राहतील. तिने मला रोखले, तर ती संघात; मी परतलो, तर ती बाहेर. बत्तीस विरुद्ध चौऱ्याहत्तर. निकाल गणितानेच लागेल आणि कोणाला राग येण्याचे कारण उरणार नाही.

धोंडूंनी दोन्ही हातांनी कपाळ धरले.

गुरुवार, ३१ जुलै, कणकवली, रुग्णालय

पडून लिहीत आहे. अक्षर वाकडे येते.

काल साडेचार वाजता मी पँट दुमडून मध्यरेषा ओलांडली. दम कसा टिकवावा याचा मी वाचून अभ्यास केला होता. निदान रेषा, म्हणजे चढाई वैध ठरण्यासाठी ओलांडावी लागणारी रेषा, पार केली आणि रसिकाच्या कोपऱ्याकडे वळलो. ती डाव्या कोपऱ्यात होती, सलोनीच्या जागेवर. सलोनी पलीकडे उजवीकडे, हात पाठीमागे बांधून उभी होती.

मी पाय पुढे टाकला. रसिका जमिनीलगत आली. तिने माझा डावा घोटा दोन्ही हातांनी धरून छातीशी ओढला. मी पाय झटकला. ती सुटली नाही. दुसऱ्यांदा झटकला. ती जांभ्यावरून फरफटत गेली. तिच्या हनुवटीखालची कातडी सोलली गेली आणि माझ्या पायाला उबदार ओलावा जाणवला. तिसऱ्या वेळी मी सारे वजन घालून झटकले आणि माझी टाच तिच्या तोंडावर बसली. ती गुरगुरली. हे क्रियापद मी विचारपूर्वक वापरत आहे. मध्यरेषा आता हातभर अंतरावर होती. मी हात लांब केला.

त्याच क्षणी सलोनीने पाठीमागचे हात सोडले. सारे मैदान ओलांडून तिने माझ्या मांडीत सूर मारला. पाठोपाठ नम्रता आली, तीही खांद्याने. वरचे शरीर एका दिशेला गेले. घोटा रसिकाच्या छातीशी स्थिर होता. या दोहोंमधील हाडाला दोन्ही सूचना एकाच वेळी पाळता आल्या नाहीत.

आवाज मोठा होता. करंगळीच्या आवाजापेक्षा कितीतरी मोठा. मी खाली पाहिले तेव्हा पाऊल भलत्या दिशेला पाहत होते. पोटरीची कातडी आतून कोणीतरी बोट लावावे तशी उंचावली होती. मी ओरडलो असेन. धोंडू सांगतात की मी ओरडत असतानाही 'कबड्डी, कबड्डी' म्हणत होतो.

"सोड गो आता!" धोंडू रसिकाला म्हणाले.

"आधी शिट्टी मारा," ती म्हणाली.

त्यांनी शिट्टी वाजवली. मी बाद.

सलोनीने माझे डोके मांडीवर घेतले. मी तिला विचारले, "तुम्हाला स्तब्ध राहण्यास सांगितले होते ना?"

ती म्हणाली, "सर, तुमी तिच्या तोंडार लाथ मारलास."

हे वाक्य मी काल रात्रीपासून तपासत आहे. त्यात चूक सापडत नाही. आयुष्यातील एकमेव चढाईत मी त्याच तोंडावर टाच मारली, ज्याच्या रक्षणासाठी मी उतरलो होतो. माझ्या तक्त्यात ओळ घातली : ३१ वी नोंद, रसिका, हनुवटी आणि वरचा ओठ. सहावा स्तंभ : श्रीपाद सर.

पायाची दोन्ही हाडे मोडली आहेत. डॉक्टर म्हणाले, तीन महिने घरात बसावे लागेल. तीन महिने हे शब्द मी याआधी कोठेतरी ऐकले आहेत, असे वाटते.

शनिवार, २ ऑगस्ट

शर्मिष्ठाबाई येऊन गेल्या. संपूर्ण घटनेचा दोष मी लेखी स्वतःकडे घेतला. बाई म्हणाल्या, "श्रीपादराव, अहवाल अडीच पानांचा आहे. 'चुकलो' एवढे पुरे होते." मी खाली तो शब्द जोडला.

सरावाची जबाबदारी धोंडूंकडे दिली आहे. लक्ष्मीने परवानगी दिली. अट एवढीच की मुलींची पकड कोण करते, हे पाहणारा माणूस मैदानावर हवा.

गुरुवार, २१ ऑगस्ट, घरी

मालवणला काल तालुका स्पर्धा झाली. आज संपूर्ण संघ मला भेटायला आला. खोलीत घाम, चिखल आणि हळदीच्या लेपाचा वास भरला.

संघ अंतिम सामन्यात दोन गुणांनी हरला. उपांत्य सामन्यात रसिकाने स्वतःपेक्षा दीडपट उंच मुलीला घोट्याला धरून पाडले. नम्रताचे नाक पुन्हा फुटले. सलोनीची भुवई उकलली असून तिला चार टाके पडले आहेत. सर्वजणी एकमेकींच्या जखमा बोट लावून दाखवत होत्या.

"सातवी जागा शेवटी कोणाला दिली?" मी विचारले.

"दोघींका," सलोनी म्हणाली. "पयल्या डावात नम्रता, दुसऱ्यात रसिका. राखीव बदलूक मिळता, सर. नियमात आसा."

नियमात आहे. तीन जुलैच्या पानावर मी स्वतःच तो लिहून, स्वतःच बाजूला ठेवला होता.

"फुडच्या वर्साक मी नसतलंय," सलोनी म्हणाली. "डावो कोपरो हिका दिलंय."

निघण्यापूर्वी धोंडू म्हणाले, सरांच्या पायासाठी गाऱ्हाणे घालू. सलोनीने रसिकाला पुढे ढकलले. प्लॅस्टरभोवती सर्वांनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा," रसिकाने सुरुवात केली, "आमच्या सरांचो पाय लवकर बरो कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सर्वजण म्हणाले. मी गप्प राहिलो. वाक्य अजून संपले नसावे, असे मला तिच्या चेहऱ्यावरून वाटले.

"आणि पाय बरो झालो काय," ती पुढे म्हणाली, "तेंका परत आमच्या मधी घुसूची बुद्धी देव नको रे म्हाराजा!"

मी थांबलो. ती आणखी काही जोडते का, हे पाहिले. वाक्य मनात पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत तपासले. सर्वजण हात जोडून माझ्याकडे पाहत होते.

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो.